प्राणहितेकाठचं सिरोंचा

सिरोंचात कोणी जास्त आजारी पडलं, की घरची माणसं मनातल्या मनात दोन अंतरं मोजतात. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली, उत्तरेला दोनशेहून अधिक किलोमीटर, तेही बरंचसं रानातून. नदी ओलांडली तर तेलंगणातलं मंचेरियाल साधारण सत्तर किलोमीटर. गाडी बहुधा नदीपलीकडेच वळते. जिल्हा कचेरीतली कामं, दाखले, अर्जविनंत्या गडचिरोलीकडे ओढतात. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मिरचीचा व्यापारी आणि सोयरीक पलीकडच्या काठाकडे. महाराष्ट्राच्या आग्नेय टोकावरच्या या तालुक्याच्या गावाचं सगळं आयुष्य या दोन ओढींच्या मध्ये चालतं.

मी गेलो तो आलापल्लीच्या बाजूने. चंद्रपूरकडून येणारा रस्ता आष्टीजवळ वैनगंगा ओलांडतो. तिथून खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढच्या प्रवाहाला प्राणहिता हे नाव मिळतं. प्राणहितेची लांबी अवघी एकशे तेरा किलोमीटर, पण गोदावरीला मिळणाऱ्या नद्यांत तिच्याइतकं पाणी आणणारी दुसरी नाही. पेंच, कन्हान, पैनगंगा, वर्धा, वैनगंगा अशा नद्यांचं, म्हणजे विदर्भाच्या मोठ्या भागाचं पाणी तिच्यात येतं. ती वाहते तीही सीमारेषा होऊनच. एका तीरावर महाराष्ट्र, दुसऱ्यावर तेलंगणा.

आलापल्लीपासून पुढे सागाचं राज्य. इथल्या सागाची कीर्ती इंग्रजांच्या काळापासूनची. आलापल्लीजवळ जंगलाचा एक तुकडा न तोडता मुद्दाम राखून ठेवला आहे. त्याला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात. तिथल्या सागाच्या बुंध्याला दोन माणसांनी कवळ घातली तरी हात पुरत नाहीत. एस.टी. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी अशी गावं घेत खाली उतरते. रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणवतो, पण पावसाळ्यात नाले भरले की वाहतूक तासन्‌तास अडते. बसमध्ये चढणारी माणसं बदलत जातात तशी भाषाही बदलते. आलापल्लीला माडिया आणि झाडीपट्टीची मराठी कानांवर येते, बामणीच्या पुढे तेलुगू. कंडक्टर तिन्ही भाषांत सुट्टे पैसे मागतो.

आलापल्लीजवळच अहेरी आहे. अहेरी ही गोंड राजांची जमीनदारी. तिथला दसरा आजही मोठा भरतो. १८५८ च्या उन्हाळ्यात याच परिसरात, प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला इंग्रजांच्या तारखात्याची छावणी होती. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके याच्या लोकांनी २९ एप्रिलच्या रात्री त्या छावणीवर हल्ला केला आणि त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन अधिकारी मारले गेले. बाबुरावाला पुढे पकडून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, नेलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिली. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. गोंड-माडिया समाजात ही आठवण जिवंत आहे. शालेय इतिहासात मात्र १८५७ चा उठाव झाशी-कानपूरवरून परत फिरतो आणि प्राणहितेपर्यंत पोचतच नाही. तो पोचायला हवा, असं मला फार वाटतं.

सिरोंचा गाव नदीच्या डाव्या तीरावर, उंचवट्यावर वसलेलं आहे. चौकात उभं राहिलं की दुकानांच्या पाट्या मराठीत दिसतात आणि दुकानातलं बोलणं तेलुगूत ऐकू येतं. अनोळखी माणसालाही इथे 'अन्ना' म्हणतात. सकाळी टपरीवर इडली, वडा आणि भजी. दुपारच्या ताटात भात, पप्पू म्हणजे वरण, चारू म्हणजे सार आणि लालभडक लोणचं. नदीतले मासे आणि झिंगे बाजारात असतातच. आठवडी बाजाराला आसपासच्या पाड्यांतून माडिया बायाबाप्ये येतात. मोहफुलं, चारोळी, मध, बांबूच्या टोपल्या खाली ठेवतात आणि मीठ, तेल, कापड घेऊन परततात. एकाच माणसाशी एकाच व्यवहारात मराठी, तेलुगू, माडिया आणि हिंदी अशा चार भाषा बोलणारे दुकानदार मी इथे पाहिले.

नवरात्रात महाराष्ट्रात इतरत्र भोंडला चालतो, त्या दिवसांत इथल्या अंगणांत बतुकम्मा मांडली जाते. तरवडाची पिवळी फुलं, कुरडू, झेंडू असं एकावर एक गोल रचून फुलांचा मनोरा करायचा, बायकांनी त्याच्याभोवती टाळ्या देत फेर धरायचा आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. दर दोन वर्षांनी माघात पलीकडच्या मेडारमला सम्मक्का-सारलम्मा या आदिवासी देवतांची प्रचंड जत्रा भरते. तिलाही इथून लोक जातात. गावात दर्गा आहे, त्याच्या उरुसाला पलीकडची माणसं येतात. सण, देव आणि भाषा यांच्या बाबतीत नदीने इथे कधी सीमा आखली नाही. ती आखली गेली ती कागदावर, आणि त्याची कथा मोठी आहे.

१८६० सालापर्यंत सिरोंचा निजामाच्या मुलखात होतं. त्या वर्षी निजाम आणि इंग्रज यांच्यात नवा तह झाला. सात वर्षांपूर्वी ताब्यात घेतलेला धाराशिव जिल्हा आणि रायचूर दुआब इंग्रजांनी निजामाला परत केला, वर सुरपूरचं संस्थान दिलं. बदल्यात त्यांनी गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके घेतले : सिरोंचा, नुगूर, अलबाका, चेरला, भद्राचलम, रेकापल्ली. धाराशिव आणि सिरोंचा यांच्यात आज काही नातं असेल असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण एकाच तहात एक गेलं आणि दुसरं आलं. तहात आणखी एक कलम होतं. गोदावरी आणि वैनगंगेवरच्या नौकांकडून कोणी जकात घ्यायची नाही. त्या कलमातच सगळ्या व्यवहाराचं कारण आहे.

इंग्रजांना रानाची एवढी ओढ नव्हती, त्यांना नदी हवी होती. सर आर्थर कॉटन याने १८५२ मध्ये समुद्राजवळ दवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा पूर्ण केला होता. त्याचं पुढचं स्वप्न असं, की समुद्रापासून गोदावरी, तिथून प्राणहिता, तिथून वर्धा असा जलमार्ग करायचा. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस नावांत भरायचा आणि थेट पूर्व किनाऱ्याच्या बंदराला पोचवायचा. परत येताना मीठ आणायचं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि या स्वप्नाला धार चढली. काम कॅप्टन हेग याच्याकडे होतं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुमागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरीला. या प्रत्येक ठिकाणी बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा आणि दरवाज्यांच्या हौदांतून नावा पायरीपायरीने वर चढवायच्या अशी योजना होती.

या जलमार्गाच्या मधोमध, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावर सिरोंचा येत होतं. म्हणून इंग्रजांनी 'अपर गोदावरी' नावाचा नवा जिल्हा केला आणि त्याचं मुख्य ठाणं इथे ठेवलं. डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड इथे बसून जिल्ह्याचा कारभार पाही आणि बस्तर संस्थानावर देखरेखही करी. बस्तरवरचा त्याचा १८६२ चा अहवाल त्या प्रदेशाच्या अभ्यासकांना आजही उघडावा लागतो. म्हणजे आज जिल्ह्याच्या ठिकाणाहून सर्वांत दूर पडलेलं हे गाव त्या काळी स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण होतं. भद्राचलमपासून जगदलपूरपर्यंतचे कागद इथल्या टेबलावर येत. नदीकाठचा पडका किल्ला आणि उंचावरचं इंग्रजी काळातलं विश्रामगृह यांच्यामध्ये उभं राहिलं, की ही जागा का निवडली ते कळतं. खाली प्राणहितेचं रुंद पात्र, दक्षिणेला संगम आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नावेवर नजर.

स्वप्न फार काळ टिकलं नाही. नदी पावसाळ्यात बेफाम आणि उन्हाळ्यात वाळूत हरवलेली. नावा चालण्याजोगं पाणी वर्षाचे काही महिनेच. रानातल्या हिवतापाने मजूर टिकेनात. तोवर १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाने पश्चिमेची वाट धरली. १८७१ मध्ये सरकारने जलमार्गाचं काम थांबवलं. १८७४ मध्ये भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याला जोडले, अपर गोदावरी जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याचं एक तहसील झालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नुगूर, अलबाका, चेरलाही मद्रासकडे गेले. चांदा जिल्ह्याबरोबर सिरोंचा जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण चंद्रपूरऐवजी गडचिरोली झालं. सिरोंचाच्या अंतरात त्याने फारसा फरक पडला नाही.

ज्या नदीमुळे सिरोंचा मध्यभागी आलं, तीच पुढे भिंत झाली. रेल्वे आणि सडका दुसरीकडून गेल्या आणि नदीवर पूल नव्हते. कित्येक पिढ्यांनी पलीकडचं गाठलं ते डोंग्यातून, नावेतून किंवा उन्हाळ्यात वाळू तुडवत. एका वयस्क ढिवराने मला सांगितलं, "आमच्या नावेत नवरीबी बसली, बैलबी बसला, आजारी माणूसबी बसला. आता पुलावरून जातेत समदे. बरं झालं जी." त्याच्या बोलण्यात कसलीही हळहळ नव्हती. नाव उलटून माणसं गेल्याचं त्याने पाहिलं होतं. आता प्राणहितेवर पूल आहे, तो चेन्नूर-मंचेरियालकडे नेतो. गोदावरीवरच्या लांबलचक पुलावरून कालेश्वर काही मिनिटांवर आलं आहे. तिसऱ्या बाजूला पातागुडमजवळ इंद्रावतीवरच्या पुलाने छत्तीसगडची वाट उघडली आहे. गेल्या काही वर्षांत सिरोंचाचं आयुष्य कशाने पालटलं असेल, तर ते या पुलांनी.

कालेश्वर म्हणजे तेलंगणाचं कालेश्वरम्. तिथे एकाच पीठावर दोन लिंगं आहेत, एक मुक्तेश्वर शिवाचं आणि दुसरं कालेश्वराचं, म्हणजे यमाचं. श्रीशैलम आणि द्राक्षारामम यांच्याबरोबर ते त्रिलिंगांपैकी एक मानलं जातं. गोदावरी, प्राणहिता आणि गुप्त सरस्वती असा त्रिवेणी संगम इथे मानतात. गुरू मीन राशीत गेला की प्राणहितेचा पुष्कर भरतो. एप्रिल २०२२ मध्ये तो बारा दिवस चालला. त्या काळात सिरोंचाचे घाट तेलंगणा, छत्तीसगड आणि विदर्भातून आलेल्या माणसांनी फुलून गेले होते. एरवी राज्याच्या बातम्यांत क्वचितच दिसणारं हे गाव त्या बारा दिवसांत रोज दिसत होतं.

ज्या वेळी ते बातम्यांत येई, त्याचं कारण बहुधा वेगळं असे. १९८० साली पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पहिली पथकं प्राणहिता ओलांडून याच तालुक्यात शिरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोयाबीनपेठ्याला त्यांचा एक म्होरक्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्यानंतरची चार दशकं दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये गावकरी चेपत राहिले. रस्ते रखडले, कर्मचारी इथली बदली टाळू लागले. आता रात्री बस धावतात, मोबाइलचे मनोरे उभे राहिले आहेत. माणसं त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

पाण्याबद्दल मात्र सगळे बोलतात. संगमाच्या खाली गोदावरीवर तेलंगणाने मेडीगड्डाचा अजस्र बंधारा बांधला. पंच्याऐंशी दरवाजे, दीड किलोमीटरहून अधिक लांबी. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन राज्यांत करार झाला आणि २१ जून २०१९ रोजी उद्घाटन झालं. कालेश्वरम् उपसा सिंचन योजनेचं हे पहिलं पाऊल. इथलं पाणी पंपांनी उलट्या दिशेला, गोदावरीच्याच वरच्या अंगाच्या बंधाऱ्यांत चढवायचं आणि तिथून तेलंगणाच्या कोरड्या जिल्ह्यांना न्यायचं. बंधाऱ्याचं एक टोक तेलंगणात, दुसरं सिरोंचा तालुक्यात. सिरोंचाच्या काठावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, काही ठिकाणी काठ खचून गेले. मोबदल्यासाठी त्यांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेला महापूर आला तेव्हा काठावरची गावं पाण्यात गेली आणि हजारो माणसांना निवारा शोधावा लागला. म्हाताऱ्या माणसांनी तेव्हा १९८६ च्या पुराशी तुलना केली, कारण इथे प्रत्येक पूर त्याच पुरावर मोजतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि अडवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं. त्याची कारणं, चौकशा, जबाबदाऱ्या यांवर हैदराबादेत भरपूर चर्चा झाली. अलीकडच्या काठावर मला एक शेतकरी भेटला. त्याचा प्रश्न साधा होता : "पाणी भरलं तवा जमीन गेली. आता पाणी नाही, तर जमीन कोणाची?" त्या जमिनीवर वाळूचा थर बसला होता. कापूस आणि मिरची पिकवणारी ती काळी, गाळाची जमीन होती. दोन राज्यांच्या करारात सिरोंचाच्या शेतकऱ्याची सही कुठे नसते आणि नुकसानीच्या यादीत मात्र त्याचं नाव पहिलं येतं, ही गोष्ट मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त टोचली. संगमाच्या काठावर राहूनही तालुक्यातली किती तरी शेतं पावसावरच अवलंबून आहेत.

गाळाच्या जमिनीचा उल्लेख आला, म्हणून मिरचीबद्दल सांगायला हवं. अंकिसा-आसरअल्लीच्या पट्ट्यात गोदावरीकाठी मिरची लागते. जानेवारीनंतर खळ्यांवर लाल मिरचीचे सडे पडलेले असतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की सबंध वाट ठसकत जाते. याच दिवसांत गडचिरोली-चंद्रपूरच्या दुसऱ्या गावांतली माणसं टोळ्याटोळ्यांनी तेलंगणात मिरची तोडायला निघतात. धान निघून गेलेला असतो, हाताला काम नसतं. मुलाबाळांसकट महिना-दोन महिने शेतातच पाल ठोकून राहायचं आणि मजुरी काही वेळा मिरचीच्याच रूपात घरी आणायची. मे महिन्यात परतले की तेंदूपत्ता. पेसा या आदिवासी भागांच्या स्वशासनाच्या कायद्यामुळे आता पुष्कळ ग्रामसभा पत्त्याचा लिलाव स्वतः करतात आणि बोनसचे पैसे गावात राहतात.

सिरोंचाच्या जमिनीत मिरचीहून कितीतरी जुनं असं काही आहे. गावाच्या वरच्या अंगाला प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं खेडं आहे. तिथल्या चुनखडीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर माशांचे जीवाश्म सापडले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना भूगर्भाचा नाद होता. त्यांनीही या खडकांचा अभ्यास केला. या चिमुकल्या खेड्याचं नाव आज जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे, कारण ज्युरासिक काळातल्या, सोळा कोटी वर्षांहून जुन्या या सबंध थराला 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत तिचे संस्थापक महालनोबिस यांनी भूविज्ञानाचा विभाग सुरू केला. त्यासाठी त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या पुराजीवशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्या विभागाच्या लोकांनी १९६० च्या सुमारास प्राणहिता-गोदावरीच्या या खोऱ्यात खोदकाम केलं आणि एका महाकाय डायनोसॉरची सुमारे तीनशे हाडं बाहेर काढली. एकाच प्राण्याची नव्हेत, निदान सहा प्राण्यांची. हत्तीहून मोठा, लांब मानेचा, पाला खाणारा प्राणी. त्याचं नाव ठेवलं 'बारापासॉरस टागोराय', म्हणजे मोठ्या पायाचा, टागोरांचा. कारण १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. १९७५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा राहिला. पलीकडच्या तीरावर यामनपल्लीला सापडलेला त्याचा नातेवाईक 'कोटासॉरस' हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. पहिला कोलकात्याला, दुसरा हैदराबादला. इथल्या शाळेतल्या पोरांना आपल्या नदीकाठचा प्राणी पाहायला शेकडो किलोमीटर जावं लागतं.

वडधमला मात्र वन विभागाने जीवाश्म उद्यान केलं आहे. तिथे दगड झालेले झाडांचे बुंधे जमिनीवर पडलेले पाहायला मिळतात. लाकडाचे पदर, गाठी, सालीची वळणं सगळं तसंच, पण हात लावला तर थंड खडक. सभोवती आजचा साग उभा असतो. मी तिथे बराच वेळ होतो. एवढी संपत्ती उघड्यावर पडून आहे, तिच्यासाठी सिरोंचा गावातच एक चांगलं संग्रहालय व्हावं आणि बारापासॉरसच्या सांगाड्याची निदान पूर्णाकृती प्रतिकृती तरी इथे उभी राहावी. त्यासाठी लागणारा पैसा राज्याच्या दृष्टीने काहीच नाही.

एक दिवस हाताशी असेल तर सोमनूर पाहावं. तिथे इंद्रावती गोदावरीला मिळते आणि महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा एकमेकांसमोर येतात. इंद्रावती बस्तरच्या रानातून येते, तिचं पाणी वेगळ्या रंगाचं दिसतं आणि बरंच अंतर ते वेगळंच वाहतं. काठावर हॉटेल नाही, चहाही सोबतच न्यावा लागतो. उत्तरेकडे कमलापूरला वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे आणि त्याच रानात कोलामार्काला महाराष्ट्रातल्या उरल्यासुरल्या रानम्हशी आहेत. पण त्या सहज दिसत नाहीत आणि दिसाव्यात म्हणून हट्ट धरू नये.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रेल्वेने यायचं तर बल्लारशा आणि मंचेरियाल ही दोन स्थानकं, दोन्ही दिल्ली-चेन्नई मार्गावर. मंचेरियालहून चेन्नूरमार्गे लवकर पोचता येतं, बल्लारशाहून आलापल्लीमार्गे दिवस जातो; वेळ असेल तर एकीकडून जावं आणि दुसरीकडून परतावं. गावात राहायला साध्या खोल्या मिळतात. वडधमला जाण्यापूर्वी सिरोंचातल्या वन विभागाच्या कचेरीत चौकशी करावी, सोबत स्थानिक माणूस घ्यावा आणि तिथला एकही दगड उचलून आणू नये.